पैसे ऑफिसचे, पुस्तक ज्युनिअरचं: कुलूपबंद ई-पुस्तकांचं एक प्रकरण

नागपुरातल्या लहान ऑफिसांची संगणक-देखभाल हे माझं काम. प्रिंटर, नेटवर्क, बॅकअप, कुणाचा पासवर्ड हरवला असलं सगळं. खालचं प्रकरण एका वकिली ऑफिसातलं आहे. मॅडमची परवानगी घेऊन लिहितोय. माणसांची नावं, पुस्तकांची नावं आणि विक्रेता वगळला आहे.

पार्श्वभूमी

ऑफिस धरमपेठेत, पहिल्या मजल्यावर. मॅडमचं काम मुख्यतः बांधकाम कंत्राटांचं: लवाद, आणि त्यातून निघालेली प्रकरणं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात. हाताखाली दोन ज्युनिअर आणि एक क्लार्क. क्लार्कना सगळे काका म्हणतात, फाईल कुठल्या कपाटात कुठल्या कप्प्यात आहे ते त्यांना न बघता सांगता येतं.

यंत्रं अशी: बाहेरच्या खोलीत ज्युनिअरांचा डेस्कटॉप, काकांचा जुना डेस्कटॉप, मॅडमचा लॅपटॉप आणि अँड्रॉइड टॅबलेट, मुलीने वाढदिवसाला दिलेलं किंडल, आणि नव्या ज्युनिअरचा स्वतःचा लॅपटॉप, त्यावर विंडोजऐवजी उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार.

या विषयावरचे परदेशी टीकाग्रंथ महाग असतात आणि छापील प्रत मागवली तर वाट बघत बसावं लागतं. म्हणून ऑफिसने सहा-आठ महिन्यांत तीन ग्रंथ ई-पुस्तक म्हणून घेतले. तिन्ही एकाच विक्रेत्याकडून, ऑफिसच्या ईमेलवरून, ऑफिसच्या कार्डाने. बिलं व्यवस्थित फाईलला लावलेली. इथपर्यंत बोट ठेवायला जागा नाही.

अडलं कुठे

जुलैत लवादाची सुनावणी मुंबईत होती. मॅडम विदर्भ एक्सप्रेसने जाणार होत्या आणि रात्री गाडीत टॅबलेटवर वाचायचं ठरवून बसल्या होत्या. आठवडाभर आधी काकांचा फोन आला: "भाऊ, फाईल तर आहे, पण उघडूनच नाही राहिली. तिन्ही नाही."

जाऊन बघितलं तर तिन्ही पुस्तकांचं दुखणं वेगवेगळं निघालं.

या पुस्तकांची व्यवस्था आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पैसे भरल्यावर विक्रेत्याकडून उतरते ती फाईल पुस्तकाची नसते. ती एसीएसएम नावाची काही केबींची फाईल असते. नोटपॅडमध्ये उघडली तर त्यात कंसातले टॅग, व्यवहाराचा क्रमांक आणि एक मुदतीची तारीख दिसते. ही फाईल अडोबी डिजिटल एडिशन्स या प्रोग्रॅममध्ये उघडली की तो सर्व्हरशी बोलतो आणि मग खरं पुस्तक, ईपब किंवा पीडीएफ, खाली उतरवतो. उतरवताना ते कुलूपबंद होतं, आणि त्या क्षणी संगणक ज्या अडोबी आयडीने, म्हणजे अडोबी कंपनीकडच्या खात्याने, अधिकृत केलेला असेल त्याच आयडीच्या नावाने होतं. बिल कुणाचं, कार्ड कुणाचं, ऑर्डरवर ईमेल कुठला, याला त्या क्षणी काही किंमत नाही. पैसे बापाचे आणि खरेदीखत भाच्याच्या नावावर, असला प्रकार.

पहिलं पुस्तक जुन्या ज्युनिअरने डेस्कटॉपवर उघडलं होतं. प्रोग्रॅमने आयडी मागितला, त्याने कॉलेजात असताना काढलेला स्वतःचा आयडी टाकला. त्यात लबाडी काहीच नव्हती. समोर चौकट आली, त्याला जो पासवर्ड आठवला तो त्याने भरला. पुढे तो मुंबईला एका फर्ममध्ये गेला. पुस्तक त्या डेस्कटॉपवर आजही उघडतं. मॅडमच्या लॅपटॉपवर मात्र तीच एसीएसएम उघडली की इंग्रजीत संदेश यायचा: ऑलरेडी फुलफिल्ड बाय अनदर यूजर, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी हे आधीच उतरवून घेतलंय.

दुसरं पुस्तक काकांनी स्वतःच्या डेस्कटॉपवर उघडलं. आयडीच्या चौकटीखाली एक छोटा पर्याय असतो, 'आयडीशिवाय अधिकृत करा'. काकांना तो सोयीचा वाटला. कुणालाही वाटेल. पण तसं केलं की पुस्तक कुठल्याही माणसाच्या नावावर न जाता त्या यंत्राशी बांधलं जातं. मे महिन्यात, नागपूर तापलेलं असताना, त्या यंत्राची हार्ड डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने नवीन डिस्क टाकून विंडोज पुन्हा चढवलं. ईपब फाईल ड्राइव्हवर सुखरूप होती, बॅकअप मीच लावून दिला होता. ती उघडायची चावी मात्र जुन्या डिस्कबरोबर भंगारात गेली.

तिसऱ्या पुस्तकाची कथा मजेची. ते जूनमध्ये घेतलं, डिस्क बदलल्यानंतर. काकांच्या संगणकावर एसीएसएम उघडली की 'विनंतीची मुदत संपली' अशा अर्थाचा संदेश. काकांनी गृहीत धरलं की फाईल शिळी झाली.

माझ्या आधी झालेले उपाय

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण असल्या प्रकरणात मूळ बिघाडापेक्षा त्यावरचे उपाय जास्त नुकसान करतात.

एसीएसएम फाईलचं नाव बदलून शेवटी पीडीएफ लावून पाहिलं होतं. अॅक्रोबॅट रीडरने अर्थातच हात वर केले. मग तीच फाईल ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून "ज्याच्याकडे उघडेल त्याने सांगा" असा निरोप. कुणाकडे उघडली नाही हे नशीब, कारण तिसरं पुस्तक ग्रुपमधल्या कुणाच्या तरी वैयक्तिक आयडीवर चिकटलं असतं तर पहिल्याचीच पुनरावृत्ती झाली असती. पहिल्या पुस्तकाची ईपब फाईल किंडलला पाठवून झाली. किंडलला ईपब आता ईमेलने पाठवता येते, पण अडोबीचं कुलूप असलेली ईपब ते घेत नाही. नव्या ज्युनिअरने उबुंटूवर डिजिटल एडिशन्स शोधलं. लिनक्ससाठी ते निघालेलंच नाही. शिवाय दोन-तीन नवे अडोबी आयडी काढून मॅडमच्या लॅपटॉपवर आलटून पालटून वापरले गेले होते. त्यातल्या एकाचा पासवर्ड कुणालाच आठवेना.

आणि सगळ्यात धोक्याचं होऊ घातलं होतं ते वेगळंच. काकांनी एका व्हिडिओत बघितलं होतं की कंट्रोल-शिफ्ट-डी दाबलं की संगणकाची अधिकृतता काढून टाकता येते आणि मग नव्याने सुरुवात करता येते. माहिती खरी आहे. पण ते बटण ज्युनिअरांच्या डेस्कटॉपवर दाबलं असतं तर तीनपैकी जे एकमेव पुस्तक उघडत होतं तेही बंद झालं असतं, आणि परत सुरू करायला मुंबईतल्या मुलाचा पासवर्ड लागला असता. मी पोचलो तेव्हा काका त्याच खुर्चीवर होते. पहिलं काम केलं ते त्या कीबोर्डवर 'हात लावू नये' असा कागद चिकटवण्याचं.

कुठले पर्याय होते

*जुन्या ज्युनिअरचा आयडी वापरणं.* मुलगा चांगला. फोनवर म्हणाला, "दादा, पासवर्ड पाठवतो ना, मॅडमसाठी काय एवढं." हा सगळ्यात जलद मार्ग होता. अडोबीच्या एका आयडीवर सहा संगणक आणि सहा उपकरणं बसतात, त्यामुळे जागाही होती. अडचण अशी की एका संगणकावर एका वेळी एकच आयडी चालतो. मॅडमचा लॅपटॉप त्याच्या नावावर केला की उरलेली दोन पुस्तकंही त्याच्याच नावावर घ्यावी लागणार, म्हणजे घोळ तिप्पट. यावर तोड होती: ही अधिकृतता विंडोजच्या प्रत्येक वापरकर्ता-खात्याला वेगळी असते. लॅपटॉपवर दुसरं खातं उघडून त्यात त्याचा आयडी ठेवता आला असता.

मॅडमनी नकार दिला. त्यांचं म्हणणं, तो आता दुसऱ्या फर्ममध्ये आहे, उद्या कदाचित समोरच्या बाजूने उभा राहील, त्याच्या वैयक्तिक खात्याचा पासवर्ड माझ्या ऑफिसात नको. मला हे जरा जास्तच सोवळं वाटलं. सुनावणीपुरतं, त्याने स्वतः दुरून टाइप केलं असतं, आपण पासवर्ड बघितलाही नसता. पण ऑफिस त्यांचं, निर्णय त्यांचा.

*कुलूप तोडणं.* मॅडमचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने सांगितलं की पाच मिनिटांचं काम आहे, प्रोग्रॅम फुकट मिळतो. इथे चर्चा बराच वेळ चालली, कारण समोर वकील होत्या.

आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. हक्कांच्या रक्षणासाठी लावलेली तांत्रिक उपाययोजना, त्या हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने, चुकवली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मॅडमनी बोट ठेवलं ते 'हेतू' या शब्दावर. विकत घेतलेलं पुस्तक स्वतःच्याच दुसऱ्या यंत्रावर वाचायचं, यात भंगाचा हेतू कुठे? याच कलमात, कायद्याने उघडपणे मना न केलेल्या कारणासाठी केलेल्या गोष्टीला सूटही आहे. भाचा खूश झाला. मग मॅडम म्हणाल्या, "युक्तिवाद चांगला आहे. पण तो मला आरोपी म्हणून करायचा नाहीये." त्याशिवाय विक्रेत्याच्या अटींमध्ये संरक्षण न काढण्याची अट होती आणि खरेदी करताना ऑफिसने ती मान्य केलेली. कलम ६५अ मधून सुटलो तरी करारभंग उरतोच.

माझं कारण साधं होतं. असली साधनं जिथून उतरवतात त्या जागा मी बघितल्या आहेत, आणि या संगणकांवर अशिलांची कागदपत्रं आहेत.

*छापील प्रत.* एका ज्येष्ठ वकिलांकडे पहिल्या ग्रंथाची आधीची आवृत्ती होती. नव्या आवृत्तीत नेमकं हवं ते प्रकरण बदललेलं, म्हणून ती बाजूला राहिली. नवी प्रत आठवड्यात येणं शक्य नव्हतं.

*विक्रेत्याकडून परवाना नव्याने काढून घेणं.* सरळ रस्ता, पण वेळ किती लागेल ते त्यांच्या हातात. काकांनी आधी एक मेल पाठवला होता, स्वतःच्या जीमेलवरून, ऑर्डर क्रमांक न देता. उत्तर आलं होतं की प्रोग्रॅम काढून पुन्हा टाका. ग्राहक सेवेवर चिडण्यात अर्थ नव्हता. त्यांच्या लेखी कुणी अनोळखी माणूस दुसऱ्याच्या खरेदीबद्दल विचारत होता.

काय केलं, कुठल्या क्रमाने

आधी सुनावणी, मग पुस्तकं, असं ठरलं. सुनावणीला पहिल्या ग्रंथातलं मुदतवाढ आणि विलंबाच्या नुकसानभरपाईचं प्रकरण हवं होतं. तो ग्रंथ डेस्कटॉपवर उघडत होताच. डिजिटल एडिशन्समध्ये पुस्तकाच्या माहितीच्या पानावर परवानग्या लिहिलेल्या असतात: किती पानं छापता येतील, किती मजकूर कॉपी करता येईल. प्रकाशकाप्रमाणे त्या बदलतात, काही ठिकाणी छपाई पूर्ण बंद असते. इथे ठराविक मुदतीत ठराविक पानांची मुभा होती आणि प्रकरण त्यात बसत होतं. छापण्याआधी मॅडमना स्क्रीनवर बसवून पानांवर खुणा करायला लावल्या, कारण एकदा छापलेलं पान मोजलं जातं, मग ते प्रिंटरमध्ये अडकून फाटलं तरी. जुलैच्या दमट हवेत कागद एकमेकांना चिकटतात, म्हणून नवं रिम फोडलं आणि दहा-दहाच्या गटाने छापलं. काकांनी लगेच भोकं पाडून फाईल केली. या ऑफिसात कागद कधीच हरत नाही.

त्यानंतर ऑफिसचा एकच अडोबी आयडी काढला, ऑफिसच्या ईमेलवर, म्हणजे ज्यावरून खरेदी झाली त्याच पत्त्यावर. मॅडमच्या लॅपटॉपवरचे आधीचे आयडी तिथल्या तिथे काढून टाकले. लॅपटॉपवर तोपर्यंत एकही पुस्तक उतरलं नव्हतं, त्यामुळे कंट्रोल-शिफ्ट-डी तिथे बिनधोक होतं. जे बटण एका यंत्रावर विष होतं तेच दुसऱ्यावर औषध ठरलं, आणि हे काकांना समजावताना बराच चहा झाला.

ज्युनिअरांच्या डेस्कटॉपवर जुनं विंडोज खातं जसंच्या तसं ठेवलं आणि शेजारी दुसरं खातं तयार करून ते ऑफिसच्या आयडीने अधिकृत केलं. एकाच यंत्रावर दोन्ही नावं, एकमेकांना धक्का न लावता.

मग तिसरं पुस्तक. 'मुदत संपली' हा संदेश दोन कारणांनी येतो: फाईलची मुदत खरोखर संपलेली असते, नाहीतर संगणकाचं घड्याळ चुकलेलं असतं. काकांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं, तारीख दोन दिवस मागे. मदरबोर्डवरचा बटन सेल, तो नाण्याएवढा सीआर २०३२, मरायला टेकला होता. रात्री ऑफिसचा मेन स्विच बंद केला की घड्याळही थांबायचं आणि सकाळी तिथूनच पुढे चालू. सेल बदलला, तारीख बरोबर केली. काका उत्साहाने माऊसकडे सरकले, "आता उघडू?"

इथे थांबवलं. कारण काकांचा संगणक पुन्हा 'आयडीशिवाय' अधिकृत करून ठेवलेला होता. तिथे उघडलं असतं तर तिसरं पुस्तकही दुसऱ्याच्या वाटेने गेलं असतं. खरं तर त्या मरतुकड्या सेलनेच ते वाचवलं होतं: घड्याळ बरोबर असतं तर काकांनी ते जूनमध्येच उघडून टाकलं असतं. फाईल मॅडमच्या लॅपटॉपवर घेतली, ऑफिसच्या आयडीखाली उघडली, पुस्तक आलं. टॅबलेटवर पॉकेटबुक रीडर हे अॅप टाकलं. ते अडोबीची कुलूपबंद पुस्तकं उघडतं. तोच आयडी भरला, फाईल केबलने नेली, तिथेही उघडलं.

दुसऱ्या आणि पहिल्या पुस्तकासाठी विक्रेत्याला नवा मेल गेला. या वेळी ऑफिसच्या ईमेलवरून. ऑर्डर क्रमांक, बिलाची प्रत, संदेशाचा स्क्रीनशॉट, डिस्क बदलल्याची पावती, आणि शेवटी एकच मागणी: हे परवाने अमुक अडोबी आयडीवर नव्याने द्यावेत. मसुदा मॅडमचा. नोटिशीसारखा झाला होता, थोडा मऊ करून घेतला.

निष्पत्ती

दुसऱ्या पुस्तकाचा परवाना विक्रेत्याने मोकळा केला. डिस्क बदलल्याची पावती कामाला आली असं मला वाटतं. गाडीच्या आदल्या संध्याकाळी मॅडमच्या टॅबलेटवर दोन ग्रंथ होते आणि बॅगेत पहिल्याची छापील पानं.

पहिल्याचं उत्तर सुनावणीनंतर आलं: पुस्तक एका वैध आयडीवर दिलेलं आहे, चालू आहे, त्यामुळे हस्तांतर होणार नाही. त्यांच्या बाजूने बघितलं तर म्हणणं चूक नाही. एका माणसाच्या नावावरचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर करून मागणं हे पुनर्विक्रीसारखंच दिसतं. मॅडमना ते पटलं नाही, पण पुढे भांडल्या नाहीत. तो ग्रंथ अजून त्या एका डेस्कटॉपवर, त्या एका विंडोज खात्यात वाचला जातो. त्या यंत्राची डिस्क गेली की तो ग्रंथही गेला, हे सगळ्यांना माहीत आहे.

किंडलवर काहीच गेलं नाही. नव्या ज्युनिअरच्या उबुंटूवरही नाही. वाइन या, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनाने डिजिटल एडिशन्स चालवता येतं, पण मी ते ऑफिसच्या कामासाठी लावून देत नाही. आज चाललं तरी उद्याच्या अपडेटला बसेल आणि फोन मला येईल. तो डेस्कटॉपवर बसून वाचतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळं ठरलं ते पहिल्या डबल-क्लिकला. त्या वेळी चौकट तीन गोष्टी विचारते आणि माणूस ती परवानगीची औपचारिकता समजून पुढे जातो. ऑफिसचा आयडी खरेदीच्या आधी काढलेला असता आणि तो कुठल्या दोन यंत्रांवर बसवायचा हे ठरलं असतं, तर यातलं एकही प्रकरण झालं नसतं. 'आयडीशिवाय' हा पर्याय विकत घेतलेल्या पुस्तकासाठी वापरूच नये. डिस्क बदलायला देण्याआधी, तो संगणक अजून सुरू होत असताना, कुणी मला विचारलं असतं, तर दुसऱ्या पुस्तकाचीही वेळेवर सोय लावता आली असती. इथे डिस्क अचानक गेली, तो भाग वेगळा.

बॅकअपबद्दल मात्र गैरसमज फार पक्का आहे. कुलूपबंद पुस्तकाच्या फाईलची प्रत म्हणजे पुस्तकाची प्रत नव्हे. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि त्याच जुलैत विकलेली पुस्तकं उघडायची थांबली. पैसे परत दिले, पण लोकांच्या संगणकावरच्या फाईली त्या दिवसापासून निरुपयोगी. म्हणून मी आता ऑफिसच्या बॅकअपच्या यादीत अशा पुस्तकांसाठी वेगळा तक्ता ठेवतो: पुस्तक, ऑर्डर क्रमांक, कुठल्या आयडीवर, कुठल्या यंत्रांवर, त्यातलं कुठलं यंत्र फॉरमॅट झालं. शेवटचा रकाना सहाच्या मर्यादेसाठी. अधिकृतता न काढता फॉरमॅट केलेला संगणक त्या सहात मोजलेलाच राहतो आणि जागा संपल्या की अडोबीच्या ग्राहक सेवेला सांगून मोजणी शून्यावर आणून घ्यावी लागते.

ज्युनिअर सोडून जाताना चाव्या, फाईली, कोर्टाचे पास परत घेतले होते. अडोबी आयडी कुणाच्या डोक्यात आला नव्हता. आता निरोपाच्या यादीत ती ओळ आहे.

एका बाबतीत मॅडमचं आणि माझं अजून जमलेलं नाही. मला वाटतं, जुन्या ज्युनिअरच्या आयडीने वेगळ्या खात्यात पहिला ग्रंथ लॅपटॉपवरही घेऊन ठेवावा, म्हणजे डेस्कटॉप बसला तर एक ठिकाण उरेल. मॅडमना ते नको आहे. त्यांनी त्याच ग्रंथाची छापील प्रत मागवली आहे, बिल ऑफिसच्या नावे. चौथा ग्रंथ घेताना त्यांनी विक्रेत्याला आधीच लेखी विचारलं: कुठलं कुलूप, किती यंत्रं, छपाई किती, आयडी बदलता येतो का. काहींची पुस्तकं रीडियम एलसीपी या दुसऱ्या पद्धतीने येतात, त्यात अडोबीचं खातं लागत नाही, सांकेतिक वाक्य लागतं. ते ऑफिसला जास्त सोयीचं झालं असतं. विक्रेत्याचं उत्तर अजून यायचं आहे.